सहा माणसांच्या घराला हीट पंप परवडतो का? आधी बादल्या मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला दुमजली बंगला. घरात सहा माणसं: आई-वडील, तुम्ही दोघं आणि कॉलेजात जाणारी दोन मुलं. गच्चीवर २०० लिटरचा जुना सोलर आहे, पण दक्षिणेला १५ मीटरवर बारा मजली इमारत उभी राहिल्यापासून थंडीत त्यातून कोमट पाणीही येत नाही, म्हणून तिन्ही बाथरूममध्ये गिझर लावलेत. लाइट बिल एरवी ४०० युनिटांच्या आसपास, थंडीत ५४० पर्यंत. एका विक्रेत्याने पाणी तापवणाऱ्या ३०० लिटरच्या हीट पंपाचं १ लाख ६५ हजारांचं कोटेशन दिलंय आणि त्यावर ‘७५ टक्के बचत, दोन वर्षांत पैसे वसूल’ असं लिहिलंय. इंग्लंडमध्ये असलेले तुमचे मेहुणे मात्र सांगतायत, ‘त्या भानगडीत पडू नका, आम्ही अख्खं घर उकरून बसलोय.’ घ्यावा की नाही?

माझं काम गरम पाण्याच्या व्यवस्था आखण्याचं आणि त्यांच्या देखभालीचं. घरं, हॉस्टेलं, छोटी रुग्णालयं, हॉटेलं असं सगळं. यंत्र मी विकत नाही, त्यामुळे घ्या किंवा नका घेऊ, माझं काही अडत नाही.

आधी मेहुण्यांचा मुद्दा बाजूला काढू. ते बोलतायत ते यंत्र घर गरम करायचं. तिथे गॅस बॉयलर काढून हीट पंप बसवायचा म्हणजे बऱ्याचदा रेडिएटर मोठे करा, भिंती-छताचं इन्शुलेशन सुधारा, पाण्याच्या टाकीला जागा काढा, असं सगळं मागे लागतं. खर्च इतका, की इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकार त्यासाठी ७,५०० पौंडांचं अनुदान देतं. आपल्याला पुण्यात घर तापवायचं नाही, आंघोळीचं पाणी तापवायचंय. तत्त्व एकच असलं तरी खरेदी वेगळी, आणि त्यांचे अनुभव तुम्हाला लागू नाहीत, ना चांगले ना वाईट.

आता यंत्राबद्दल दोन शब्द. तुमच्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावला तर गरम लागतं ना? आतली उष्णता काढून बाहेर टाकायचं काम कॉम्प्रेसर करतो. हीट पंप तेच करतो, फक्त उष्णता घेतो बाहेरच्या हवेतून आणि देतो टाकीतल्या पाण्याला. गिझरची कॉइल एक युनिट वीज घेऊन एक युनिट उष्णता देते, त्याहून जास्त देऊच शकत नाही. हीट पंप उष्णता तयार करत नाही, इकडची तिकडे करतो, म्हणून एका युनिटात तीन-साडेतीन युनिट उष्णता पाण्यात जाते. या गुणोत्तराला सीओपी म्हणतात. यात फसवाफसवी काही नाही, यंत्र खरोखर चांगलं आहे. फक्त ते यंत्र तुमच्या घरात किती काम करणार, हे विक्रेत्याने मोजलेलं नाही.

कोटेशनचा दुसरा कागद तुम्ही पाठवलात हे बरं केलंत, कारण ‘दोन वर्षांत वसूल’ कुठून आलं ते तिथे दिसतं. त्याने धरलंय असं: रोज ३०० लिटर पाणी, १५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत. म्हणजे ३०० गुणिले ४५, साडेतेरा हजार किलोकॅलरी. एका युनिटात ८६० किलोकॅलरी असतात, म्हणजे गिझरला रोज १५.७ युनिट. सीओपी ४ धरून त्यातले ७५ टक्के वाचवले, ३६५ दिवसांनी आणि १८ रुपयांनी गुणलं, वर्षाला ७७ हजार. दोन वर्षं आणि थोडे दिवस. बेरीज-गुणाकार बिनचूक आहे.

पण तुमचं थंडीतलं अख्खं बिल ५४० युनिटांचं, म्हणजे दिवसाला १८. त्यातले जवळजवळ १६ पाण्यालाच जातात असं मानलं तर फ्रिज, वॉशिंग मशिन, पाण्याची मोटर, सहा माणसांचे दिवे-टीव्ही-लॅपटॉप हे सगळं दोन-सव्वादोन युनिटांत चालतंय म्हणायचं! शिवाय पुण्यात नळाचं पाणी बारा महिने १५ अंशांचं नसतं. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेववत नाही, तिथे गिझर कोण लावतो?

मग खरा वापर किती? तो आंघोळीवरून काढायचा. थंडीत गार पाणी २२ अंशांचं धरू आणि अंगावर घ्यायचं ४० चं. २० लिटरची बादली असेल तर २० गुणिले १८, म्हणजे ३६० किलोकॅलरी, सुमारे ०.४ युनिट. बादली-मगची आंघोळ इतकी स्वस्त असते. शॉवर मिनिटाला ८ लिटर सोडत असेल आणि दहा मिनिटं चालला तर ८० लिटर, पावणेदोन युनिटांच्या जवळपास. छतातला तो मोठा पावसासारखा शॉवर असेल तर याच्या दुप्पट सहज.

तुम्ही लिहिलंय की मोठी चौघं बादलीने आंघोळ करतात आणि मुलं शॉवरने. म्हणजे चार बादल्यांचे १.७ आणि दोन शॉवरचे साधारण ३.३. दोन मुलं चौघा मोठ्यांच्या दुप्पट उष्णता वापरतात. स्वयंपाकघराला अर्धं युनिट दिलं तर थंडीत दिवसाला साडेपाच युनिट उष्णता. गिझरच्या टाकीतून वाया जाणारी धरून वीज साडेसहा. पावसाळ्यात पाच, उन्हाळ्यात जेमतेम अडीच.

हेच पाणी हीट पंपाने तापवलं तर? इथे पत्रकातला सीओपी घ्यायचा नाही. पत्रकातला आकडा हवा किती अंशांची, पाणी कितीवरून कितीपर्यंत, यावर अवलंबून असतो, आणि ते बारीक अक्षरात असतं. ५० अंशांपर्यंत तापवताना मिळणारा सीओपी ६० अंशांना मिळत नाही. पुण्याच्या हवेत, टाकीतली गळती जमेस धरून, मी थंडीला २.८, पावसाळ्याला ३.२ आणि उन्हाळ्याला ३.५ असा हिशोब करतो. त्याप्रमाणे थंडीत महिन्याला सुमारे १२५ युनिट वाचतील, पावसाळ्यात १००, उन्हाळ्यात ५०. वर्षाला अकराशेच्या आसपास. विक्रेत्याच्या हिशोबात हीच बचत चार हजार तीनशे युनिट होती.

आता भाव. इथे बरेच जण बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर घेतात. तसं करू नका. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. २०२४-२५ मध्ये वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा खर्च) धरून पहिल्या १०० युनिटांना सहाच्या आसपास, १०१ ते ३०० ला अकरा-बारा, ३०१ ते ५०० ला पंधरा-सोळा आणि त्यापुढे सतरा-अठरा रुपये होते, वर १६ टक्के वीज शुल्क. मी हिशोब त्याच दरांनी केलाय. दर बदलत राहतात, बिलाच्या मागचे ताजे आकडे घ्या. मुद्दा असा की, वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून वाचतं. तुमचा वापर ४०० ते ५४०, म्हणजे तुमचं वाचलेलं युनिट शुल्कासकट १८ रुपयांचं. तुमच्या शेजाऱ्याचं बिल १८० युनिटांचं असेल तर त्याचं १३ रुपयांचं. तोच पंप, तीच बचत, पण पैसे वेगळे. एका घराला परवडलेला हीट पंप दुसऱ्याला परवडेलच असं नसतं ते बऱ्याचदा यामुळेच.

तुमच्यासाठी अकराशे गुणिले १८, वर्षाला १९-२० हजार. त्यातून वर्षाची देखभाल तीनेक हजार काढा, साडेसोळा हजार हाती. कोटेशनमध्ये नसलेला खर्च म्हणजे पाइप, त्यावरचं इन्शुलेशन, स्टँड, स्वतंत्र वायर आणि एमसीबी. तुमच्या घराची रचना बघता याचे २० ते २५ हजार होतील. ३०० लिटरचं यंत्र म्हणजे एकूण १ लाख ९० हजार, वसूल व्हायला साडेअकरा वर्षं. चांगल्या पाण्यावर, नीट निगा राखली तर यंत्राचं आयुष्यच दहा ते पंधरा वर्षं. या भावात ३०० लिटर घेऊ नका, एवढं मी डोळे मिटून सांगतो.

आणि तुम्हाला ३०० लागतंही नाही. विक्रेत्याने ‘सहा माणसं गुणिले पन्नास’ केलंय. थंडीतली तुमची साडेपाच युनिट उष्णता ५५ अंशांच्या पाण्यात मोजली तर १४३ लिटर होतात, कारण आपण गार पाणी मिसळून घेतो. २०० लिटरच्या टाकीतलं १६० लिटर तरी एका दमात कामाचं मिळतं. सगळ्यांनी सकाळी पाठोपाठ आंघोळी केल्या तरी पुरतं. २०० लिटरचं बऱ्यापैकी यंत्र लाख ते दीड लाखात येतं. १ लाख २० हजार आणि वरचे २० धरले तर साडेआठ वर्षं. ही सीमारेषेवरची गोष्ट आहे. नाही म्हणण्यासारखी नाही, पण धावत जाऊन घेण्यासारखीही नाही.

तुमच्या जुन्या सोलरचं काय होतंय तेही सांगतो, कारण पुढचा निर्णय त्यावर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवरच असतो. बारा मजली इमारत म्हणजे साधारण ३६ मीटर. तुमची गच्ची ७ मीटर उंचीवर, फरक २९ मीटरचा. त्याची सावली उत्तरेकडे २६ मीटर जाते आणि तुम्ही १५ मीटरवर आहात. म्हणजे ऐन थंडीत दुपारी अख्खी गच्ची सावलीत. मेच्या मध्यावर मात्र पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो, सूर्य बरोबर डोक्यावर. तेव्हा तुमच्या सोलरवर रखरखीत ऊन असतं आणि गरम पाणी कोणालाच नको असतं. सोलर बिघडलेला नाही, त्याला ऊन मिळतं ते चुकीच्या महिन्यांत. त्यामुळे नवीन ट्यूबवाला सोलर आणून त्याच जागी बसवण्यात अर्थ नाही. गच्चीच्या एखाद्या कोपऱ्यात थंडीत सकाळचं तीन-चार तास ऊन येतंय का ते आधी बघा. आलं तर जुनाच सोलर तिकडे हलवणं सगळ्यात स्वस्त.

विजेच्या सोलर पॅनेलची गोष्ट वेगळी. नेट मीटरिंगमध्ये (पॅनेलची वीज बिलातून वळती करण्याच्या व्यवस्थेत) जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांत ओढले जातात, आर्थिक वर्ष संपेपर्यंत. मेमधलं ऊन डिसेंबरात वापरता येतं, जे गरम पाण्याच्या टाकीला कधीच जमणार नाही. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचं अनुदान आहे. मोकळ्या गच्चीवर एक किलोवॅट दिवसाला सरासरी चार युनिट देतो. तुमच्याकडे थंडीतली सावली धरून त्याहून कमी, पण तरी महिन्याला सरासरी अडीचशे-तीनशे युनिट निघावेत. पॅनेलवाल्याकडून सावलीसकट अंदाज लेखी मागा, मोकळ्या गच्चीचा नको.

आणि मग येतो तो प्रश्न, जो कोणीच मांडत नाही, कारण पॅनेलवाला वेगळा आणि हीट पंपवाला वेगळा. पॅनेल बसले की तुमची महावितरणकडून घ्यायची वीज शंभर-दोनशे युनिटांवर येते. म्हणजे तुम्ही खालच्या टप्प्यात उतरता आणि वाचलेलं युनिट १८ ऐवजी १३ किंवा चक्क ७ रुपयांचं होतं. हीट पंपाची वसुली मग साडेआठवरून बारा वर्षांच्या पुढे. दोन्ही घेतले तर दोघांनीही दाखवलेली बचत तुम्हाला पुरती मिळणार नाही, कारण ते दोघं एकच युनिट वाचवून दाखवतायत. माझं मत: तुमच्या गच्चीवर पॅनेलचा अंदाज बरा आला तर पॅनेल आधी, गिझर आहेत ते राहू देत. सावलीने पॅनेलचं गणित बिघडत असेल तर २०० लिटरचा हीट पंप.

गॅसचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही, तोही एका ओळीत उरकतो. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिट उष्णता असते, गॅस गिझरमधून १४५ हाती लागते, म्हणजे युनिटभर उष्णता सहा रुपयांच्या आसपास. हीट पंपाचीही तुमच्या दराने सहाच्या आसपास येते, आणि गॅस गिझर दहा हजारांच्या आत येतो. मग तोच का नको? घेता येईल, पण बाथरूमच्या आत अजिबात नाही. बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइडने माणसं गेलेली आहेत, हा धोका बातम्यांपुरता नाही. युटिलिटीत, उघड्या हवेत बसवायला जागा असेल तरच.

हीट पंप घ्यायचा ठरला तर पुढचं नीट वाचा, कारण मला बिघडलेली म्हणून दाखवलेली बरीच यंत्रं बिघडलेली नव्हती, चुकीच्या जागी बसवलेली होती.

पहिली गोष्ट हवा. या यंत्राला मोकळी हवा लागते. ते हवेतली उष्णता काढून घेतं आणि गार हवा बाहेर फेकतं. कोथरूडच्या एका फ्लॅटमध्ये टाकीवरच कॉम्प्रेसर असलेलं यंत्र ड्राय बाल्कनीत बसवलं होतं, चार बाय पाच फुटांची जागा. जानेवारीत वारा येतो म्हणून घरच्यांनी सरकत्या काचा बंद केल्या. यंत्र स्वतःच फेकलेली गार हवा परत ओढत बसलं. बाहेर २० अंश, काचेच्या आत १० च्या खाली, पंख्यासमोरच्या जाळीवर बर्फाचा पातळ थर. तीन तासांचं काम सात तासांत होईना, मग आतला बॅकअपचा हीटर (पंप कमी पडला की पाणी तापवणारी गिझरसारखी कॉइल) चालू व्हायचा आणि बिल गिझरइतकंच. उपाय काय, तर काच उघडी ठेवा. तुमच्याकडे मागच्या अंगणात स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून जागा आहे म्हणालात, ती उत्तम. फक्त पंख्याचं तोंड शेजाऱ्यांच्या बेडरूमकडे नको. आवाज एसीच्या बाहेरच्या युनिटसारखा असतो, आणि रात्री तो दिवसापेक्षा मोठा वाटतो.

गच्चीपेक्षा खालची जागा मला बरी वाटते ती पाइपामुळे. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइपात मीटरला पाव लिटर पाणी मावतं. गच्चीपासून तळमजल्याच्या बाथरूमपर्यंत वळणं धरून १५-१६ मीटर झाले तर दर वेळी चार लिटर गार पाणी आधी सोडून द्यायचं. आई-वडिलांची बाथरूम खाली आहे, त्यांना सकाळी नळाखाली हात धरून थांबायला लागू नये. पाइपाला इन्शुलेशन हवंच, नुसत्या प्लास्टरमध्ये गाडलेला पाइप टाकीत कमावलेलं भिंतीला देऊन टाकतो. भरलेल्या २०० लिटरच्या टाकीचं यंत्रासकट वजन तीनशे किलोच्या आसपास जातं, त्यामुळे खाली पक्का ओटा बांधा. टाकी खाली आणली की वरच्या टाकीचा दाब वाढतो, त्यामुळे दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि उलटं पाणी अडवणारा एनआरव्ही नवे आणि चांगले घाला.

दुसरी गोष्ट पाणी. कॉर्पोरेशनचं पाणी असेल तर फार चिंता नाही. पण तुमच्याकडे उन्हाळ्यात बोअर आणि टँकर चालतो. क्षारांच्या पाण्याने बॅकअप हीटरवर पांढरा थर चढतो, आणि टाकीतला मॅग्नेशियमचा ॲनोड रॉड झपाट्याने झिजतो. हा रॉड टाकीच्या पत्र्याऐवजी स्वतः गंजून जाण्यासाठीच घातलेला असतो. नवा असतो तेव्हा अंगठ्याएवढा जाड. दुर्लक्ष झालेल्या टाकीतून मी तो बाहेर काढलाय तेव्हा मधली सळई फक्त उरलेली, सायकलच्या स्पोकएवढी. त्यानंतर पाणी पत्रा खायला लागतं आणि टाकी गळली की ती दुरुस्त होत नाही, बदलावीच लागते. बोअरच्या पाण्यावर दर वर्षी रॉड बघा. हजार-दीड हजाराच्या रॉडवर लाखाची टाकी उभी असते, पण एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) कागदावर ॲनोडचं नाव बऱ्याचदा नसतं. वॉरंटीत पाण्याच्या कठीणपणाची मर्यादा लिहिलेली असते तीही आधी वाचा, नंतर कंपनी तेच कलम दाखवते.

तिसरी गोष्ट वेळ आणि तापमान. टायमर रात्रीचा लावू नका. दुपारी १२ ते ४ लावा. पुण्यात थंडीतही दुपारी हवा २८-२९ अंशांची असते, पहाटे १०-१२. दुपारी तापवलं तर कॉम्प्रेसरला कष्ट कमी, आणि चांगल्या इन्शुलेशनच्या टाकीत सकाळपर्यंत तीन-चार अंशच उतरतात. टीओडी मीटर (दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा) बसलेला असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे सवलतही मिळते. तापमान ५० ते ५५ ठेवा. आठवड्यातून एकदा ६० ला न्या, कारण कोमट साठवलेल्या पाण्यात जंतू वाढू शकतात, आणि घरात वयस्कर माणसं आहेत. बऱ्याच यंत्रांत हे आपोआप होतं, चालू आहे का एवढं तपासा. वीज वरखाली होत असेल तर कंट्रोल बोर्ड आधी जातो. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) यांत तडजोड नको.

हे सगळं तुमच्या घरापुरतं. जागा बदलली की उत्तर बदलतं. मुंबई-कोकण-गोव्यात हवा दमट आणि उबदार, सीओपी छान मिळतो, पण थंडीच फारशी नसल्याने मुळात वाचवायचे युनिट कमी, आणि समुद्राजवळ खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमच्या जाळ्या खाल्ल्या जातात. निफाड-नाशिककडे पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत येतो, तिथे दुपारी तापवून ठेवणं जवळजवळ सक्तीचंच. आणि हॉस्टेल, रुग्णालय, छोटं हॉटेल, दहा-बारा माणसांचं एकत्र घर असेल तर मी विचारही न करता हीट पंप सांगतो, कारण तिथे टाकी रोज रिकामी होते. तुमच्या विक्रेत्याने बहुधा तिथलंच गणित तुम्हाला चिकटवलंय. सोसायट्यांचंही तसंच: उंच इमारतीची गच्ची सगळ्या फ्लॅटच्या सोलरला पुरत नाही, तिथे मध्यवर्ती हीट पंप चांगला चालतो.

मी काढलेले आकडे तुमच्या सांगण्यावरचे आहेत, ते घरात तपासून घ्या. शॉवरखाली बादली ठेवून एक मिनिट सोडा, किती लिटर भरते ते बघा. १२-१३ लिटर निघाले तर पाणी अडवणारी छोटी चकती शॉवरमध्ये बसवून घ्या, प्लंबर शे-दोनशेत देईल. हीट पंपाच्या कितीतरी आधी तेवढ्याने फरक पडतो. मग दोन आठवडे तिन्ही गिझरचा लाल दिवा किती मिनिटं पेटलेला असतो ते मुलांना लिहायला लावा. दोन किलोवॅटचा गिझर असेल तर दिवा अर्धा तास पेटला की एक युनिट. तीन किलोवॅटचा असेल तर वीस मिनिटांत. थंडीत बेरीज दिवसाला आठ युनिटांच्या वर आली तर माझं गणित तुमच्या बाजूने सुधारतं, हीट पंप सहा-सात वर्षांत सुटेल, खुशाल घ्या. चारच्या खाली आली तर विषय सोडा, गिझर आहेत तेच बरे.

विक्रेत्याकडून २०० लिटरचं नवं कोटेशन घ्या आणि त्यात लेखी मागा: २० अंश हवेला ५५ अंशांपर्यंत पाणी तापवतानाचा सीओपी, टाकीची आणि कॉम्प्रेसरची वॉरंटी वेगवेगळी, एएमसीत ॲनोड धरलाय की नाही, आणि पुण्यात दुरुस्तीला येणारा माणूस त्यांचा स्वतःचा की बाहेरचा. शेवटच्या प्रश्नाला जो चाचरतो त्याच्याकडून घेऊ नका, यंत्र कितीही चांगलं असलं तरी. आणि पंप बसवला तरी आई-वडिलांच्या बाथरूममधला गिझर काढू नका. कंट्रोल बोर्ड गेला की सुटा भाग यायला आठवडा सहज लागतो, आणि तो जातो नेमका जानेवारीत.